स्थलांतर आणि ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण : पुण्यातील एका अभ्यासवर्गाचे सहा शनिवार

पुण्याच्या कॅम्पातील एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या या अभ्यासवर्गाला मी सलग सहा शनिवार गेले. विषय होता कॅथलिक ख्रिस्तसभेची (म्हणजे चर्चची) सामाजिक शिकवण आणि स्थलांतराच्या कायद्यांतील सुधारणा. वेळ सायंकाळी ५ ते ७, शुल्क ५०० रुपये, त्यात ४० पानांची टिपणे आणि मधल्या सुट्टीतला चहा आला. शिकवण्याची भाषा मराठी होती. उणिवाही मोकळेपणाने लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव इथे देत नाही.

मी या वर्गाला नाव घातले त्यामागे घरचे एक कारण होते आणि शाळेतले एक. माझी मुलगी आणि जावई २०१३ पासून अमेरिकेत डॅलसला आहेत. नातू पुण्यात जन्मला आणि दोन वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर गेला. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत त्या तिघांचे नाव इतकी वर्षे आहे, की आमच्या घरात 'तारीख पुढे सरकली का' हा प्रश्न आता पाऊसपाण्याच्या चौकशीसारखा झाला आहे. शाळेतले कारण त्याहून जुने. महापालिकेच्या शाळेत मी २८ वर्षे मराठी शिकवले, आणि दर दिवाळीनंतर वर्गात येऊन बसणारी आणि शिमग्याच्या आसपास न सांगता दिसेनाशी होणारी बांधकाम मजुरांची मुले मी त्या सगळ्या वर्षांत पाहिली. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे आधी फुल्या आणि मग आडवी रेघ पडत असे. ती रेघ मारताना मला नेहमी अपराधी वाटायचे, पण त्या अपराधाचे नाव काय ते कळत नव्हते. या वर्गाने निदान ते नाव शोधायची दिशा दिली, आणि म्हणून त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले.

वर्ग दोघे मिळून घेतात. एक येशूसंघीय (जेझुइट) फादर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, आहेत आणि दुसऱ्या एक निवृत्त वकीलबाई. फादर ग्रंथ उघडून बोलतात, वकीलबाई कायदा उघडून, आणि दोघे एकमेकांना मध्येच थांबवून दुरुस्त्या सुचवतात. ही जोडी जमली आहे. नुसते धर्मवचन ऐकून माणूस हळवा होतो आणि घरी जाऊन झोपतो. नुसता कायदा ऐकून त्याला जांभया येतात. इथे दोन्ही एकाच टेबलावर मांडलेले असल्यामुळे पहिल्या शनिवारीच माझी वही भरू लागली.

पहिली गोष्ट मला अनपेक्षित होती. स्थलांतरावरचा वर्ग म्हणजे जाणाऱ्या माणसाच्या हक्कापासून सुरुवात होईल, अशी माझी समजूत होती. फादरांनी सुरुवात केली ती राहू इच्छिणाऱ्या माणसापासून. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्र, म्हणजे ख्रिस्तसभेला उद्देशून शिकवणीचे पत्र, काढले, त्यात त्यांनी असे मांडले आहे की स्वतःच्या देशात माणसाला नीट जगता आले तर तो आपली भूमी सोडून परक्या भूमीला जाणार नाही. म्हणजे गावात राहता येणे हा पहिला हक्क. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरित दिनासाठी हाच विषय निवडला होता : जायचे की राहायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याला हे स्वातंत्र्य असते का, असा प्रश्न फादरांनी विचारला आणि उत्तर न देता फळ्यावर फक्त 'राहण्याचा हक्क' असे लिहिले. सहाही शनिवार ते शब्द कोणी पुसले नाहीत.

दुसऱ्या शनिवारी ग्रंथांची ओळख झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो लोक बेघर झालेले असताना, १ ऑगस्ट १९५२ रोजी, पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांच्या आध्यात्मिक काळजीविषयी एक दस्तऐवज काढला. त्याची सुरुवातच योसेफ, मरिया आणि बाळ येशू यांच्या मिसरला (इजिप्तला) केलेल्या पलायनापासून होते. हेरोद राजापासून जीव वाचवण्यासाठी रात्री निघालेले हे कुटुंब सगळ्या निर्वासित कुटुंबांचे मूळ चित्र आहे, असे त्यात म्हटले आहे. पोप तेविसावे योहान यांच्या ११ एप्रिल १९६३ च्या परिपत्राने न्याय्य कारण असेल तेव्हा दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचा हक्क माणसाच्या मूलभूत हक्कांत मोजला. हे सर्व आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला कोणी सांगितले नव्हते. आम्हाला मिसरचे पलायन म्हणजे गाढवावर बसलेल्या मरियामातेचे चित्र तेवढे ठाऊक.

पण वर्गाचा खरा प्रामाणिकपणा दिसला तो कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २२४१ वा परिच्छेद वाचताना. सधन राष्ट्रांनी आपल्या कुवतीप्रमाणे, सुरक्षितता आणि उपजीविका शोधत आलेल्या परक्याचे स्वागत केले पाहिजे, हा त्याचा पहिला भाग. तो सगळेच उद्धृत करतात. दुसऱ्या भागात म्हटले आहे की सर्वांच्या हितासाठी शासनाला या हक्कावर कायदेशीर अटी घालता येतात, आणि आलेल्या माणसाने त्या देशाचा वारसा कृतज्ञतेने मानावा, कायदे पाळावेत आणि नागरी भार उचलावा. फादरांनी हा दुसरा भाग आम्हा प्रत्येकाकडून एकेकदा मोठ्याने वाचून घेतला. 'अर्धा परिच्छेद पाठ असणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत,' एवढेच ते म्हणाले. या शिकवणीत सीमा नसावी असे कुठेही म्हटलेले नाही. सीमेवर उभा असलेला माणूस माणूसच राहतो, आणि सीमा राखणाऱ्यालाही त्याबद्दल उत्तर द्यावे लागते, असे तिचे म्हणणे आहे.

इथे टिपणांच्या मराठीबद्दल बोलायला हवे, कारण ती या वर्गाची सर्वांत दुबळी बाजू आहे. इंग्रजी मजकूर घाईने मराठीत ओढल्यासारखी भाषा आहे. एकाच पानावर 'देशांतर', 'स्थलांतर' आणि 'परागमन' हे तीन शब्द एकाच अर्थाने येतात, आणि जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्या सत्तेने आपल्याकडे ओढू नये, या सुंदर तत्त्वाला 'साहाय्यकता' असे नाव देऊन ते पुरते झाकून टाकले आहे. ग्रामपंचायतीने करायचे ते मंत्रालयाने करू नये, असे लिहिले असते तर पहिल्या वाचनात कळले असते. बाहेरून आलेल्या माणसासाठी टिपणांत सर्वत्र 'परकीय' हा शब्द आहे. तिसऱ्या आठवड्यात मी उठून म्हटले, की आपल्या मुलखात यासाठी 'उपरी' असा जुना, नेमका शब्द आहे. पेशवाईतल्या जमीन व्यवस्थेत मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणारा, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन तीच जमीन कसणारा, पण कायमचा हक्क नसलेला. घाम दोघांचा सारखाच. गावाच्या कारभारात मान मात्र मिरासदाराचा. ग्रीन कार्ड नसलेला अभियंता असो की आधार कार्डावर बिहारचा पत्ता असलेला गवंडी असो, दोघांची अवस्था या एका शब्दात सापडते.

फादरांनी तो शब्द लगेच उचलला आणि आमच्याच घराकडे वळवला. क्वार्टर गेटचे सिटी चर्च ज्या जागेवर उभे आहे, ती जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील पोर्तुगीज आणि गोव्याकडच्या कॅथलिक शिपायांना उपासनेसाठी दिली. पुण्यातले कॅथलिक हे पुण्यातले उपरीच होते, आणि त्यांच्या देवासाठी जागा दिली ती इथल्या एका हिंदू राज्यकर्त्याने. ही हकीकत मला माहीत होती, पण ती या संदर्भात कधी ऐकली नव्हती, आणि ऐकताना अंगावर काटा आला.

तिसरा शनिवार अमेरिकेच्या कायद्यांचा होता. वकीलबाईंनी १९८६ पासून सुरुवात केली. त्या वर्षीच्या कायद्याने १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून विनापरवाना राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना नियमित होण्याची संधी दिली, आणि सुमारे २७ लाख लोक नियमित झाले. त्याच वेळी कागद नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठी प्रथमच दंड आला. पण पुढे लागणाऱ्या मजुरांनी रीतसर यावे कसे, याचा पुरेसा मार्ग त्या कायद्याने आखला नाही. आणि नवरा नियमित झाला तरी नंतर आलेली बायको किंवा मूल तसेच राहिले, अशी कुटुंबेही त्यातून निर्माण झाली. २०१३ मध्ये मोठ्या सुधारणेचे विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले आणि प्रतिनिधिगृहात मतदानालाही आले नाही. या मधल्या काळात, २२ जानेवारी २००३ रोजी, अमेरिका आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या बिशपांनी एकत्र पत्र काढले. दोन शेजारी देशांच्या, म्हणजे माणसे पाठवणाऱ्या आणि माणसे घेणाऱ्या बाजूंच्या, बिशपांनी एकाच कागदावर सह्या करणे हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटली. मायदेशात संधी मिळण्याचा हक्क, कुटुंब पोसण्यासाठी बाहेर जाण्याचा हक्क आणि राष्ट्राचा सीमा राखण्याचा हक्क हे तिन्ही त्यात मानलेले आहेत, निर्वासितांना आसरा मागितलेला आहे, आणि कागद नसलेल्या माणसाचीही प्रतिष्ठा शाबूत राहते असे स्पष्ट म्हटले आहे. बिशपांच्या मागण्याही नेमक्या आहेत : पात्रता सिद्ध करून नियमित होण्याची वाट, मजुरांना येण्याचे कायदेशीर मार्ग, कुटुंबांचे व्हिसा लवकर निघणे, योग्य न्यायप्रक्रिया, आणि माणसे ज्या कारणांनी घर सोडतात त्या कारणांवर उपाय.

चौथा शनिवार मी विसरणार नाही. वकीलबाईंनी टेबले भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा मांडायला सांगितल्या. एका रांगेच्या पुढे 'आइसलँड' अशी पाटी आणि मागे दोन खुर्च्या. दुसऱ्या रांगेपुढे 'भारत', आणि ती रांग दारातून बाहेर, व्हरांड्यातून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेलेली. १९९० च्या अमेरिकी कायद्याने नोकरीवर आधारित कायम वास्तव्याचे व्हिसा वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवले. त्यात नोकरदाराबरोबर त्याची बायको-मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, मग तो देश आइसलँडएवढा असो की भारताएवढा. बाईंच्या हातात शाळेतली असते तशी पितळी घंटा होती. घंटा वाजली की प्रत्येक रांगेतला एक जण उठणार. दोन घंटांत आइसलँड संपले. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर 'मुलगा, वय ९' असे लिहिले होते आणि प्रत्येक घंटेला वय एकाने वाढवायचे होते. बाराव्या घंटेला माझे वय २१ झाले, आणि बाईंनी मला रांगेतून उठून भिंतीशी जाऊन उभे राहायला सांगितले, कारण २१ व्या वर्षी मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. माझ्या पुढच्या खुर्चीवर 'आई' अशी चिठ्ठी घेतलेल्या एक गृहिणी होत्या. त्या मान वळवून माझ्याकडे बघत बसल्या. त्यांना उठायची परवानगी नव्हती.

कोणी न वापरलेले व्हिसा लांब रांगांकडे जाऊ शकतात, आणि अर्ज प्रलंबित राहिलेला काही काळ मुलाच्या वयातून वजा करण्याची सोय २००२ च्या कायद्याने केली आहे, हेही बाईंनी नंतर नीट सांगितले. पण भिंतीशी उभी असताना मला फक्त डॅलसचा आमचा चौदा वर्षांचा नातू दिसत होता. कुटुंब एकत्र राहणे हा या शिकवणीचा कणा आहे, हे वाक्य त्याआधी तीन आठवडे मी ऐकत होते. त्या दिवशी ते वाक्य मला कळले.

पाचव्या शनिवारी वाद झाला, आणि तो हवाच होता. प्रेमाला क्रम असतो, आधी घर, मग शेजार, मग गाव, मग देश आणि त्यानंतर बाकीचे जग, असा जुना ख्रिस्ती विचार २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी स्थलांतराच्या धोरणाच्या समर्थनासाठी मांडला. ते स्वतः कॅथलिक आहेत. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी कोणाचे नाव न घेता सांगितले, की प्रेमाचा खरा क्रम चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला वाचवणाऱ्या परक्या प्रवाशाच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यावर मनन केल्याने सापडतो. गंभीर गुन्हे करणाऱ्यांपासून समाजाचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा हक्क त्याच पत्रात मान्य केलेला आहे. वर्गातील अर्ध्या लोकांना उपराष्ट्राध्यक्षांचे म्हणणे पटत होते, कारण 'आधी पोटोबा' ही म्हण आपल्याही हाडात मुरलेली आहे, आणि फादरांनी कोणालाही गप्प केले नाही.

तेव्हा वाघोलीकडे इमारतींची कामे घेणारे एक ठेकेदार उठले. ते पाच आठवडे मागच्या बाकावर न बोलता बसलेले होते. ते म्हणाले, "फादर, तुमच्या शोमरोन्याला वाटेत एक माणूस भेटला. माझ्याकडे साठ माणसं आहेत, आणि बिल्डर मला दीड-दोन महिन्यांनी पैसे देतो. मी दया कुठून आणू?" फादर म्हणाले, "दादा, दया राहू द्या. हजेरीची वही आणि मजुरीची पावती आणा." आणि मग त्यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १४ सप्टेंबर १९८१ च्या, माणसाच्या श्रमावरील परिपत्रातील 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना समजावून दिली. मजुराच्या हातात पैसे ठेवणारा तो प्रत्यक्ष मालक. पण त्या मजुरीचा दर, वेळ आणि अटी ज्यांच्यामुळे ठरतात, ते सगळे अप्रत्यक्ष मालक : बिल्डर, बँक, शासन, कायदा. त्याच परिपत्रात असेही आहे की परमुलखातून कामाला आलेल्याला स्थानिकापेक्षा कमी लेखून त्याच्या अडचणीचा फायदा घेऊ नये. ठेकेदारांनी 'अप्रत्यक्ष मालक' हे शब्द वहीत लिहून घेतले आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. मी स्वतः ज्या सदनिकेत राहते ती कोणत्या साठ माणसांनी बांधली, हे मी कधी विचारले नव्हते.

इतके चांगले चाललेले असताना सहाव्या शनिवारने निराशा केली. भारत हा विषय शेवटच्या दोन तासांत कोंबला होता, आणि त्यातलाही पहिला अर्धा तास प्रमाणपत्रांच्या वाटपात गेला. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबद्दलचे चार जुने कायदे जाऊन एक नवा कायदा आला, एवढे सांगून वकीलबाईंना पुढे पळावे लागले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा तर दहा मिनिटांत संपला. तो खरे तर एका पूर्ण शनिवारचा विषय होता. मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता, गावाहून येण्याजाण्याचा प्रवासभत्ता, राहण्याची सोय, वैद्यकीय मदत असे सगळे त्या कायद्यात होते; २०२० च्या टाळेबंदीत मजूर मुलांना खांद्यावर घेऊन सोलापूर रस्त्याने आणि नगर रस्त्याने चालू लागले, तेव्हा त्यांतल्या किती जणांची नावे कोणत्या नोंदवहीत होती? आता तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे आणि विस्थापन भत्ता त्यात उरलेला नाही. शिवाय तो कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता, म्हणून बीडहून कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेला ऊसतोड कामगार त्यात बसत असे आणि बीडहून बारामतीकडे आलेला बसत नसे. वर्गात हे कोणी म्हटले नाही. मी म्हणायला उठले तेव्हा पसायदानाची वेळ झाली होती. (होय, वर्गाचा शेवट दर वेळी पसायदानाने होतो, आणि ते मला फार आवडले.)

अमेरिकेवर दोन शनिवार आणि आपल्या गल्लीवर दीड तास, ही वाटणी बरोबर नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांची मुले तिकडे आहेत, म्हणून आयोजकांनी तसे केले असावे, आणि माझाही एक पाय तिकडेच अडकलेला आहे, हे मी मान्य करते. पण डॅलसच्या रांगेसाठी जो न्याय मी मागते, तो पुण्याच्या मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसाला द्यायची माझी तयारी आहे का, हा प्रश्न या वर्गाने विचारायला हवा होता. तो सहाव्या शनिवारी अगदी तोंडावर आला होता आणि वेळ संपली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. इमारतीला लिफ्ट नाही, जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघावे. ध्वनिक्षेपक पहिल्या दिवशी बंद होता, पुढे दुरुस्त झाला. चहा उत्तम. वर्गात कॅथलिक नसलेले आठ-दहा जण होते आणि त्यांना कुठेही अवघडल्यासारखे झालेले दिसले नाही. ५०० रुपये ज्यांना जड वाटतात त्यांच्याकडून ते घेत नाहीत, पण हे माहितीपत्रकात कुठेच छापलेले नाही. ते छापायला हवे.

शेवटच्या दिवशी सूचनांच्या कागदावर मी दोन गोष्टी लिहिल्या. टिपणांचे मराठी मी विनामोबदला तपासून देईन, ही पहिली. दुसरी अशी, की पुढच्या वर्गाचा एक दिवस या सभागृहात घेऊ नये, मजूर अड्ड्यावर घ्यावा. परवा वकीलबाईंचा फोन आला. दुसरी सूचना त्यांनी मान्य केली आहे, पण त्यासाठी शनिवारची संध्याकाळ चालणार नाही. अड्डा सकाळी सातला भरतो आणि नऊच्या आत रिकामा होतो, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी साडेसहाला यायचे आहे. मी नाव दिले आहे, आणि वाघोलीचे ठेकेदारही येणार आहेत.